बाहेरून आणा

सरकारी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीसमोर थोडा वेळ उभं राहिलं, की एक छोटीशी हालचाल पुन्हा पुन्हा दिसते. डॉक्टरांनी केसपेपरवर तीन औषधं लिहिलेली असतात. खिडकीतला फार्मासिस्ट पहिल्या औषधावर टिक करतो, दुसऱ्यावर टिक करतो आणि तिसऱ्याभोवती पेनानं गोल काढतो. “हे बाहेरून आणा.” समोरचा माणूस हुज्जत घालत नाही. तो गोल घेऊन तो गेटबाहेरच्या मेडिकलवर जातो, किंमत विचारतो, आणि पुष्कळदा दहा गोळ्यांऐवजी चारच द्या म्हणतो.

आरोग्य धोरणाचे कागद वाचायची मला जुनी खोड आहे. त्या कागदांतली भाषा मोठी असते: सार्वत्रिक, सर्वंकष, सक्षमीकरण. पण एखादं राज्य आपल्या माणसांच्या आरोग्याकडे कसं बघतं याचा अंदाज घ्यायचा तर मला तो पेनाचा गोल जास्त भरवशाचा वाटतो. तो गोल डॉक्टरमुळे पडत नाही, खिडकीतल्या फार्मासिस्टमुळेही नाही. औषध कुणी विकत घ्यायचं, कधी घ्यायचं, कुठे साठवायचं, संपत आलं हे कुणाला आणि कसं कळायचं, या प्रश्नांची राज्य सरकारनं जी उत्तरं दिलेली असतात त्यातून तो पडतो. आणि ही उत्तरं प्रत्येक राज्याची वेगळी आहेत.

याला कारण आपली घटना. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत सहाव्या क्रमांकाची नोंद आहे: सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालयं आणि दवाखाने. हा वारसा घटनेच्याही आधीचा. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी आरोग्य खातं प्रांतांकडे सोपवलं, तेव्हापासून ते तिथेच आहे. एका राज्यातली साथ दुसऱ्या राज्यात पसरू नये यासाठीचे उपाय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे तिथे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. कुटुंबनियोजनही त्याच सूचीत, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आलेलं. बाकी केंद्राच्या हातात मुख्यतः पैसा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात बहुतेक मोठ्या राज्यांसाठी केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस अशी वाटणी आहे, आणि केंद्राच्या साठाबरोबर कशावर खर्च करायचा याच्या अटीही येतात. तरी दवाखान्याची इमारत, डॉक्टरची नेमणूक, परिचारिकेची बदली, गोळ्यांची खरेदी हे सगळं राज्याचं.

‘आरोग्य हा राज्याचा विषय’ हे वाक्य नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचताना निरुपद्रवी वाटतं. त्याचा खरा अर्थ दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या लोकांना विचारावा. तिथून जवळचं मोठं रुग्णालय म्हणजे गोव्यातलं बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय. १८४२ साली पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारी ही संस्था. सिंधुदुर्गातून अपघाताचा किंवा अडलेल्या बाळंतपणाचा रुग्ण पिढ्यानपिढ्या तिकडेच जात आला. २०१८ च्या जानेवारीपासून गोवा सरकारनं राज्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली आणि सिंधुदुर्गात नाराजी उसळली. गोव्याचं म्हणणं सरळ होतं: आमच्या करदात्यांचा पैसा, आमच्या खाटा. सिंधुदुर्गाचं म्हणणंही सरळच होतं: आम्ही जायचं कुठे? दोघांच्याही बोलण्यात खोट नव्हती. एका खाटेपाशी येऊन दोन राज्यांचे हिशेब वेगळे झाले होते, इतकंच.

आता त्या गोलाकडे येऊ. तो पुसायचा सर्वांत गाजलेला प्रयत्न तमिळनाडूनं केला. त्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण आरोग्याविषयीच्या लेखांमध्ये गोदामाची गोष्ट कुणी सांगत नाही.

१९९४ साली त्या राज्यानं ‘तमिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन’ नावाची सरकारी कंपनी काढली. त्याआधी तिथलंही चित्र इतर राज्यांसारखंच होतं. खरेदी वेगवेगळ्या खात्यांतून व्हायची, एकाच गोळीला दोन ठिकाणी दोन भाव लागायचे, आणि एका रुग्णालयात साठा सडत असताना शेजारच्या रुग्णालयात टंचाई असायची. नव्या कंपनीला एकच काम दिलं: साऱ्या सरकारी दवाखान्यांसाठी औषधं घ्या आणि पोचवा. पहिलं पाऊल यादीचं. बाजारात हजारो नावांची औषधं असतात, पण बहुसंख्य आजारांना काही शे मूळ औषधं पुरतात. तेवढ्या अत्यावश्यक औषधांची यादी ठरली, आणि तीही कंपनीच्या नावानं न करता औषधाच्या मूळ नावानं. यादी आवळली की प्रत्येक औषधाची खरेदी मोठी होते, आणि खरेदी मोठी झाली की भाव खाली येतो. घाऊक बाजारातून वर्षाचं धान्य भरणाऱ्या घराला हे वेगळं सांगायला नको.

निविदा दोन पाकिटांची. पहिल्यात कारखान्याची पात्रता, दुसऱ्यात भाव. पहिलं पाकीट नापास झालं तर दुसरं उघडायचंच नाही. माल बनवणाऱ्यानंच निविदा भरायची, मधल्या दलालाला जागा नाही. आलेला माल जिल्ह्याच्या गोदामात उतरतो, पण लगेच वाटला जात नाही. प्रत्येक खेपेतून नमुने काढतात, त्यांवरची कंपनीची ओळख झाकून सांकेतिक क्रमांक टाकतात आणि ठरवलेल्या प्रयोगशाळांकडे पाठवतात. आपण कुणाचा माल तपासतोय हे प्रयोगशाळेला कळत नाही. अहवाल चांगला आला की मगच खोकी रुग्णालयांकडे निघतात. गोळ्यांच्या पाकिटावर ‘तमिळनाडू सरकारचा पुरवठा, विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाचा छाप असतो, त्यामुळे मागच्या दारानं ती मेडिकलमध्ये नेऊन विकणं अवघड होतं.

या सगळ्यात मला सर्वाधिक आवडलेली वस्तू मात्र अगदी साधी आहे. पासबुक! बँकेत असतं तसं. प्रत्येक रुग्णालयाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाची औषधाची रक्कम ठरवून दिलेली असते. पैसे हातात देत नाहीत, पासबुकात जमा दाखवतात. औषध उचललं की त्याची किंमत वजा होते. या वर्षी डोकेदुखीच्या गोळ्या जास्त लागल्या आणि खोकल्याचं औषध कमी, तर तसं उचला. वरून कुणी सांगणार नाही की तुमच्या वाट्याला खोकल्याच्या अमुक बाटल्या आल्यात, घ्या. साधारण नव्वद टक्के रक्कम या मार्गानं जाते, उरलेली अडीनडीच्या स्थानिक खरेदीसाठी ठेवतात. मागणी खालून वर जाते, खरेदी मात्र एकाच ठिकाणी होते. खालच्या माणसाला निवड हवी असते, वरच्याला भाव हवा असतो, आणि या दोघांची गाठ त्या पासबुकात मारली आहे. गोदामातला साठा संगणकावर दिसतो. किमान काही महिन्यांचा माल हाताशी असलाच पाहिजे असा दंडक आहे.

हे ऐकायला सोपं वाटतं. म्हणूनच इतर राज्यांनी त्याच्या नकला केल्या. केरळनं २००८ च्या सुमारास आपलं महामंडळ सुरू केलं, बिहारनं २०१० मध्ये, ओडिशानं २०१३ मध्ये. पण कंपनी नोंदवायला एक दिवस पुरतो. पुरवठादाराचे पैसे वेळेवर देणं, नापास खेपेच्या मालकाला काळ्या यादीत टाकणं आणि त्यानंतर मंत्रालयातून येणारे फोन सहन करणं, याला वर्षं लागतात. पैसे रखडले की चांगला कारखानदार निविदाच भरत नाही, आणि उरतात ते ज्यांना रखडलेल्या पैशातूनही नफा काढता येतो ते. नकला केलेल्या महामंडळांपैकी कुठलं चाललं आणि कुठलं अडखळलं, याचं उत्तर बहुधा बिलांच्या फायलींत सापडावं.

राजस्थानची नक्कल मात्र लक्षात राहावी अशी. तिथे सुरुवात एका जिल्ह्यातून झाली. समित शर्मा हे मुळात एमबीबीएस डॉक्टर, पुढे आयएएस झालेले. चित्तोडगडचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी सहकारी दुकानांतून मूळ नावाची औषधं स्वस्तात मिळतील अशी व्यवस्था लावली आणि डॉक्टरांना कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं नाव लिहायला लावलं. छापील किंमत आणि घाऊक किंमत यांतली दरी लोकांना तेव्हा पहिल्यांदा इतकी उघडी दिसली. आमिर खानच्या ‘सत्यमेव जयते’ कार्यक्रमात २०१२ साली ते आले होते, बऱ्याच वाचकांना आठवत असेल. तोपर्यंत राज्यानं हा प्रयोग उचलला होता. २०११ मध्ये राजस्थान मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन निघालं, शर्माच त्याचे पहिले व्यवस्थापकीय संचालक झाले, आणि त्या वर्षीच्या गांधी जयंतीला ‘मुख्यमंत्री निःशुल्क दवा योजना’ सुरू झाली. २०१३ पासून तपासण्याही मोफत झाल्या. त्यानंतर सरकारं बदलली, एकमेकांच्या योजनांची नावं पुसण्याची आपल्याकडची रीत तिथेही आहे, पण मोफत औषध बंद करायची हिंमत कुणाला झाली नाही. एकदा खिडकीतून मिळायला लागलेली गोळी परत घेणं निवडणुकीच्या हिशेबात परवडत नाही.

याच राजस्थाननं २१ मार्च २०२३ रोजी ‘आरोग्य हक्क’ कायदा मंजूर केला. आणीबाणीच्या रुग्णाला आगाऊ पैसे न घेता उपचार द्यावेत, ही त्यातली कळीची तरतूद. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, दोन आठवडे दवाखाने बंद राहिले, आणि एप्रिलच्या सुरुवातीला तडजोड होऊन बरीचशी खासगी रुग्णालयं कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. डॉक्टरांचा सवाल होता: उपचार आम्ही करू, पण बिल कोण भरणार आणि कधी? पुन्हा बिलच.

मग आपल्या महाराष्ट्राचं काय?

आपल्याकडे आधी दवाखाना कुणाचा हेच समजून घ्यावं लागतं. गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय आणि जिल्ह्याचं ‘सिव्हिल’ राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, जिल्हा शल्यचिकित्सकाच्या हाताखाली. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. ते वेगळं खातं, वेगळे मंत्री, १९७० पासून संचालनालयही वेगळं. शहरातलं महापालिकेचं. रुग्णाला हे काहीच माहीत नसतं. त्याच्या लेखी सगळा ‘सरकारी दवाखाना’. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यानं उपचार मोफत केले, केसपेपरचे पैसेसुद्धा बंद केले, तेव्हा तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता होता. तालुक्याला फुकट झालेला केसपेपर मेडिकल कॉलेजात गेल्यावर पुन्हा पैसे मागायला लागला, हे रुग्णाला कळलं ते रांगेत उभं राहिल्यावर.

खरेदीही अशीच वाटलेली होती. २०१७ मध्ये राज्यानं ती एकत्र केली आणि हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपवली. हाफकिन हे परळचं जुनं, मानाचं नाव. १८९६ च्या प्लेगनंतर वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, आणि त्यांच्या प्रयोगशाळेतून ही परंपरा उभी राहिली. पोलिओचे थेंब अनेक वर्षं इथून देशभर गेले. अशा संस्थेला आता गोळ्या, सलाईन, हातमोजे, सीटी स्कॅनची यंत्रं सगळं विकत घ्यायला सांगितलं. लस बनवणं हे एक कसब आहे आणि पाचशे पुरवठादारांशी घासाघीस करणं हे दुसरं. घरातल्या हुशार वैद्याला वाणसामानाची पिशवी देऊन बाजारात धाडावं, तसा तो निर्णय होता असं माझं मत. रुग्णालयांनी पैसे भरायचे आणि माल यायची वाट बघायची, अशा तक्रारी वाढत गेल्या. अखेर २०२३ मध्ये कायदा करून ‘महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण’ नावाची स्वतंत्र संस्था काढायचं ठरलं. तमिळनाडूनंतर २९ वर्षांनी.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधं नव्हती असा आरोप झाला, सरकारनं तो नाकारला, मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. शेवटच्या घटकेला आलेले अत्यवस्थ रुग्ण, खाटांपेक्षा जास्त बाळं, रिकाम्या जागा, अशी अनेक कारणं पुढे आली. त्यांतलं कुठलं किती खरं याचा निवाडा इथे बसून करणं मला बरोबर वाटत नाही. पण त्या आठवड्यात सगळ्या राज्याला पहिल्यांदा कळलं की औषध खरेदीची फाईल हीसुद्धा बातमी असू शकते.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर तमिळनाडूचं कौतुक एकतर्फी होईल. नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८–२० च्या आकड्यांनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू केरळात १९, महाराष्ट्रात ३३, तमिळनाडूत ५४. देशाची सरासरी ९७. अर्भकमृत्यूत चित्र उलटं: २०२० मध्ये हजारी केरळ ६, तमिळनाडू १३, महाराष्ट्र १६, देश २८. म्हणजे गोळ्यांचं गोदाम नसलेला महाराष्ट्र काही मागासलेला नाही. बाळ-बाळंतीण जगवायला रस्ता, रुग्णवाहिका, रक्त, शिकलेल्या मुली, उशिरा होणारी लग्नं असं कितीतरी लागतं, आणि त्यात आपलं राज्य पुष्कळ पुढे आलं आहे. शिवाय सरासरीच्या आत मुंबईही असते आणि मेळघाटही. फरक पडतो तो खिशात. उपचार होतात, माणूस वाचतो, पण बाहेरून आणलेल्या औषधांचं बिल त्याच्या घरावर राहतं. देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३–१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१–२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असं केंद्राचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. उतरला हे खरं. उरलेल्यात मोठा भाग औषधांचा.

खिशावरचा हा भार कमी करायचा दुसरा मार्ग राज्यांना सापडला तो कार्डाचा. २००७ साली आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी ‘आरोग्यश्री’ सुरू केली: मोठी शस्त्रक्रिया, खासगी रुग्णालय असलं तरी चालेल, पैसे सरकार भरेल. तमिळनाडूनं २००९ मध्ये स्वतःची योजना काढली. महाराष्ट्रानं २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, पुढच्या वर्षी ती राज्यभर नेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचं नाव दिलं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. २०२३ मध्ये ती मर्यादा पाच लाख करून योजना सगळ्यांसाठी खुली करायचा निर्णय झाला.

या योजनांनी हृदयाच्या झडपा बदलल्या, डायलिसिस चालू ठेवलं, कर्करोगाच्या पेशंटचं शेत विकलं जाण्यापासून वाचवलं. त्यांची थट्टा करणाऱ्यांनी आधी एखाद्या डायलिसिस केंद्रात बसून यावं. पण कार्डाला एक अट असते: तुम्ही भरती झालं पाहिजे. रक्तदाबाच्या गोळीसाठी कुणी भरती होत नाही. ती गोळी रोज एक, उभ्या आयुष्यभर घ्यायची असते, आणि ती घेतली नाही तर दहा वर्षांनी माणूस पक्षाघात होऊन भरती होतो. तेव्हा कार्ड चालतं. स्वस्त गोळी खिडकीत नसल्यामुळे महागडी शस्त्रक्रिया कार्डावर करावी लागते, हा व्यवहार कुठलाही दुकानदार तोट्याचा म्हणेल. सरकारला मात्र तो वेगळा दिसतो. कार्डावर फोटो छापता येतो, वाटपाचा कार्यक्रम ठेवता येतो. गोदामात वेळेवर आलेल्या गोळ्यांचा सत्कार कसा करणार?

तमिळनाडूला हे सुचलं याचं एक कारण जुनं आहे. मद्रास प्रांतानं १९३९ सालीच सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा केला: पाणी, सांडपाणी, डास, बाजार, साथी, जत्रा सगळं त्यात. आणि आजार होऊ नये म्हणून काम करणाऱ्या डॉक्टरांची फळी रुग्णालयातल्या डॉक्टरांपासून वेगळी ठेवली. तिचं संचालनालय वेगळं, बढतीची शिडी वेगळी. वर चढायचं तर सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण हवंच. इतर बहुतेक राज्यांत स्वातंत्र्यानंतर ही दोन कामं एकत्र केली गेली, आणि एकत्र केल्यावर कुठलं मागे पडणार हे ठरलेलंच होतं. दारात रक्तबंबाळ माणूस असताना विहिरीत टीसीएल पावडर पडली की नाही हे कोण बघणार? २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीनं तमिळनाडूचा किनारा धुऊन नेला, हजारो माणसं छावण्यांत कोंबली गेली, आणि तरी तिथे कॉलऱ्याची वा काविळीची साथ भडकली नाही. न आलेल्या साथीची बातमी होत नाही. गोव्याकडे १९८५ चा स्वतःचा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे. आपण २०२० च्या मार्चमध्ये कोरोना आला तेव्हा हात घातला तो १८९७ च्या साथरोग कायद्यालाच, पुण्या-मुंबईच्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेल्या.

महाराष्ट्राची गंमत अशी की इथे कल्पनांची टंचाई कधीच नव्हती. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं, त्याची चर्चा जगभर झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला बायकांना शिकवलं, वेळ पडली तर इंजेक्शनही द्यायला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निकाल छापून आले: नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. २०११ मध्ये केंद्रानं ती पद्धत आशांच्या कामात घेतली, इंजेक्शन मात्र वगळून. प्रयोग आमच्या मातीत, धोरण दुसऱ्यांच्या दफ्तरात, असं आपल्या बाबतीत पुष्कळदा झालं.

अलीकडचा एक प्रयोग तर थेट त्या गोळीचाच. २०१७ च्या नोव्हेंबरात भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता: सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे चार जिल्हे. कल्पना अशी की प्रत्येक डॉक्टरनं आपल्या आवडीचं औषध लिहू नये. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशी दोन-तीनच औषधं, ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या मात्रेत. महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या, आणि त्याही गावाजवळच्या उपकेंद्रात. औषधं मोजकी असली की भंडाऱ्याला पुढच्या वर्षी किती गोळ्या लागतील याचं गणित पाटीवर करता येतं. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

तमिळनाडूनं याच गोळीला आणखी पुढे नेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये कृष्णगिरी जिल्ह्यातून ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ सुरू झालं, म्हणजे माणसाला शोधत जाणारं औषध. बचत गटांतून निवडलेल्या बायका घरोघरी जातात, रक्तदाब मोजतात, साखर तपासतात आणि महिन्याच्या गोळ्या हातात ठेवतात. २०२४ मध्ये तोच संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार या योजनेला मिळाला. त्या बाईच्या पिशवीत गोळ्या असतात, कारण तिच्यामागे गोदाम आहे आणि गोदामामागे ते पासबुक.

आपल्या आशाताईंच्या खांद्यावरही पिशवी असते. तीस वर्षांपुढच्या प्रत्येक माणसाचा फॉर्म त्या भरतात: तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला साखर आहे का. बीपी जास्त निघालं तर केंद्रावर जा म्हणून सांगतात. माणूस मजुरी बुडवून केंद्रावर जातो, डॉक्टर बघतात, केसपेपरवर लिहून देतात, आणि तो खिडकीपाशी येऊन उभा राहतो.